पदनाम आणि पात्रता : घोड्याच्या पाठीशी संबंधित व्यवसायांचा विचार

इंग्लंडमधील एखाद्या खाजगी तबेल्यात वर्षभरात निदान चार प्रकारची जाणकार माणसे घोड्याला हात लावण्यासाठी येतात. पशुवैद्य येतो, नालबंद येतो, खोगीर तपासून ते नीट बसवून देणारा ‘सॅडल फिटर’ येतो; आणि अलीकडच्या काही दशकांत घोड्याच्या स्नायूंचे मर्दन व हाताळणी करणारा चौथा एक वर्गही येऊ लागला आहे. या चौथ्याच्या कामास इंग्रजीत ‘बॉडीवर्क’ असे काहीसे सैल नाव आहे. चौघांच्याही पावतीवर नावाच्या जोडीला एखादे पदनाम व काही आद्याक्षरे छापलेली असतात. घोड्याचा मालक ती वाचतो आणि चारही ठिकाणी एकच अर्थ घेतो : या माणसाला हे काम येते, आणि ते येते याची कोणीतरी अधिकाराने खात्री करून घेतली आहे. वास्तविक या चार पदनामांमागील हमी परस्परांहून अत्यंत भिन्न आहे. ब्रिटिश कायद्याने काही ठिकाणी शब्द आणि कृती दोन्ही बांधून टाकली आहेत, काही ठिकाणी केवळ शब्द बांधला आहे, आणि काही ठिकाणी दोन्ही मोकळी सोडली आहेत. भाषेच्या अभ्यासकास ही स्थिती उद्बोधक वाटेल. परंतु तिचे परिणाम शब्दांपुरते राहत नाहीत. ज्याच्या पाठीवर हे सर्व चालते तो प्राणी आपले दुखणे सांगू शकत नाही, आणि त्याच्या वतीने कोणी व किती बोलावे हे पुष्कळ अंशी या पदनामांनीच ठरते.

शब्द बांधणे आणि कृती बांधणे यांतील भेद पशुवैद्यकाच्या इतिहासात स्पष्ट दिसतो. लंडन येथे पशुवैद्यक महाविद्यालय १७९१ मध्ये स्थापन झाले आणि १८४४ मध्ये राजसनदेने पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजला अस्तित्व मिळाले. तथापि त्यानंतरही कोणीही लोहार वा साईस स्वतःस पशुवैद्य म्हणवून घेऊ शकत होता. १८८१ च्या कायद्याने ही मोकळीक काढून घेतली. ‘व्हेटर्नरी सर्जन’ हे पदनाम नोंदणीकृत व्यक्तींसाठी राखून ठेवले गेले. मात्र राखला गेला तो शब्द. ज्याने तो शब्द वापरला नाही, त्याने घोड्यास औषध देण्यास किंवा शस्त्र लावण्यास पुढील सुमारे सात दशके कायद्याची हरकत नव्हती. अनर्ह व्यक्तीच्या प्रत्यक्ष उपचारास बंदी आली ती १९४८ च्या कायद्याने, आणि आज लागू असलेल्या १९६६ च्या कायद्याने ती कायम केली. या शेवटच्या कायद्यात पशुवैद्यकाची जी व्याख्या दिली आहे तीत शस्त्रक्रिया व औषधोपचार आहेतच. शिवाय रोगाचे वा इजेचे निदान आणि त्या निदानावर आधारलेला सल्ला यांचाही समावेश आहे. निदान करणे ही बव्हंशी बोलण्याची क्रिया होय. म्हणजे एका विशिष्ट प्रकारचे विधान करणे हेच येथे परवान्याचे कर्म ठरले आहे. उरलेल्या तिन्ही व्यवसायांचे शिक्षण या एका गोष्टीच्या छायेत चालते, हे पुढे दिसून येईल.

नालबंदाचा कायदा याहून पुष्कळ उशिरा, १९७५ मध्ये आला. अकुशल हातांनी नाल ठोकल्यामुळे घोड्यांना होणाऱ्या यातना टाळणे हा त्याचा हेतू त्याच्या दीर्घ शीर्षकातच नमूद केलेला आहे. नोंदणीकृत नालबंदाखेरीज इतरांनी नालबंदी करणे हा गुन्हा ठरला, आणि नोंदणीसाठी अनुभवी नालबंदाच्या हाताखाली काही वर्षांची उमेदवारी व परीक्षा आवश्यक झाली. परंतु या कायद्यातील व्याख्येचे शब्द लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहेत. लगेच नाल बसविता यावा यासाठी खुरावर केलेले काम, आणि तो नाल बसविणे, एवढ्यालाच तेथे नालबंदी म्हटले आहे. ‘लगेच’ या अर्थाच्या त्या एका शब्दाने मोठी फट राहून गेली. ज्या घोड्यास नाल ठोकावयाचाच नाही, त्याचे खूर कापून देणारा मनुष्य नालबंद ठरत नाही, आणि म्हणून त्यास नोंदणीही लागत नाही. नाल न वापरण्याचा पंथ गेल्या काही दशकांत वाढला, आणि त्याबरोबर खूर कापणाऱ्यांचा एक स्वतंत्र वर्ग या फटीतून उभा राहिला. चुकीच्या कापणीने खुराला होणारी इजा नालाच्या असण्यानसण्यावर अवलंबून नसते. अवलंबून आहे तो कायद्याचा अंमल.

देहोपचाराकडे वळण्यापूर्वी ‘फिजिओथेरपी’ या शब्दाचा पूर्वेतिहास पाहणे अगत्याचे आहे, कारण घोड्यांचे मर्दन करणाऱ्यांची आजची अडचण माणसांच्या बाबतीत एकदा येऊन गेलेली आहे. १८९० च्या सुमारास लंडनमध्ये ‘मसाज’ या नावाखाली चालणाऱ्या काही घरांविषयी प्रवाद उठले, आणि प्रामाणिकपणे अंगमर्दन करणाऱ्या परिचारिकांना आपले नावच लाजिरवाणे वाटू लागले. तेव्हा १८९४ मध्ये चार परिचारिकांनी प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची एक संस्था काढली. या संस्थेस १९२० मध्ये राजसनद मिळाली, आणि १९४४ मध्ये तिने ‘चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी’ हे आजचे नाव धारण केले. व्यवसायाच्या प्रतिष्ठेसाठी एक शब्द टाकून देऊन ग्रीक धातूंपासून बनलेला दुसरा शब्द घेण्याचे हे नमुनेदार उदाहरण होय. पुढे २००१ च्या आरोग्य-व्यवसायविषयक आदेशान्वये ‘फिजिओथेरपिस्ट’ हे पदनाम कायद्याने संरक्षित झाले. नोंदणीवाचून कोणी ते लावल्यास तो गुन्हा आहे. ऑस्टिओपॅथ आणि कायरोप्रॅक्टर ही पदनामे अनुक्रमे १९९३ व १९९४ च्या कायद्यांनी अशीच राखली गेली आहेत.

येथपर्यंत सर्व सुबोध आहे. घोटाळा होतो तो विशेषण जोडताच. या संरक्षणाचा विषय माणसांवरील उपचार हा असल्यामुळे ‘व्हेटर्नरी फिजिओथेरपिस्ट’ किंवा ‘ॲनिमल फिजिओथेरपिस्ट’ ही नामे संरक्षित मानली जात नाहीत. व्याकरणाच्या सामान्य नियमाप्रमाणे विशेषण नामाची व्याप्ती कमी करते : प्रत्येक पांढरा घोडा हा घोडा असतोच. येथे मात्र विशेषण लागल्याने नाम आपल्या मूळ वर्गातूनच बाहेर पडते. पशूंचा फिजिओथेरपिस्ट हा कायद्याच्या अर्थाने फिजिओथेरपिस्ट असेलच असे नाही. तो असूही शकेल. ‘ॲकपॅट’ या आद्याक्षरी नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघटनेचे सनदी सदस्य आधी माणसांवर उपचार करण्याची पूर्ण पदवी घेतात आणि नंतर पशूंविषयीचे पदव्युत्तर शिक्षण करतात. याखेरीज हार्टपरी, हार्पर ॲडम्स यांसारख्या विद्यापीठांत थेट पशूंच्या फिजिओथेरपीचे अभ्यासक्रम आहेत. त्यांत शरीररचना, चालीचे विश्लेषण आणि प्रत्यक्ष कार्यानुभव यांचे शिक्षण काटेकोर असते. आणि याच पदनामाच्या आश्रयाने थोड्या दिवसांचा वर्ग पुरा केलेली व्यक्तीही उभी राहू शकते. तिन्ही पावत्यांवर छापलेला शब्द एकच.

कृतीच्या बाजूने पाहता १९६६ च्या कायद्याचे बंधन या सर्वांवर आहे, आणि त्यातून वाट काढून देणारा एक अपवाद-आदेश आहे. मूळचा आदेश १९६२ चा होता. त्याची जागा २०१५ च्या आदेशाने घेतली. पशुवैद्याने प्राणी तपासून फिजिओथेरपी सुचविली असेल, तर त्याच्या निर्देशाखाली इतर व्यक्तीने ती करण्यास या आदेशाने मुभा आहे. रॉयल कॉलेजच्या मार्गदर्शनानुसार येथील ‘फिजिओथेरपी’ या शब्दात हाताने करावयाच्या सर्व उपचारांचा, म्हणजे ऑस्टिओपॅथी व कायरोप्रॅक्टिकचाही, समावेश होतो; ॲक्युपंक्चर किंवा सुगंधोपचार यांचा होत नाही. म्हणजे एकच शब्द माणसांच्या कायद्यात अरुंद आहे आणि पशूंच्या आदेशात रुंद. यापलीकडे, निरोगी घोड्याचे केवळ निगेसाठी केलेले मर्दन हा उपचारच नव्हे, सबब त्यास पशुवैद्याच्या निर्देशाची गरज नाही, असेही मान्य झाले आहे. हा भेद व्यवहारात सोयीचा असला तरी त्यात एक तार्किक अडचण दडलेली आहे. घोडा निरोगी आहे असे मर्दन करणाऱ्याने कशावरून म्हणावे? ‘हा निरोगी आहे’ हे विधानही निदानच आहे, आणि निदानाचा अधिकार तर त्यास नाही. चांगल्या अभ्यासक्रमांत या अडचणीवर एक व्यावहारिक तोडगा शिकविला जातो : पशुवैद्याशी आधीच संपर्क ठेवणे, आणि हाताला काही वेगळे जाणवताच काम थांबविणे. थांबणे हे कौशल्य प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते, परंतु चांगल्या व सामान्य उपचारकांतील फरक बहुधा तेथेच पडतो.

अमेरिकेत हीच गोष्ट दुसऱ्या टोकास गेलेली दिसते. ॲरिझोना राज्यात प्राण्यांच्या मर्दनास पशुवैद्यक मानून पशुवैद्यक मंडळाने खाजगी मर्दनकर्त्यांना मनाई केली. त्याविरुद्ध २०१४ मध्ये तिघी व्यावसायिकांनी न्यायालयात धाव घेतली आणि २०१७ मध्ये मंडळाने माघार घेऊन तडजोड केली. पशुवैद्यकाची चार-पाच वर्षांची पदवी घेतल्यावाचून घोड्याची मान चोळता येऊ नये, हा आग्रह अतिरेकी होता यात शंका नाही. परंतु बंधन उठले म्हणजे पात्रतेचा प्रश्न सुटतो असेही नाही. तो न्यायालयातून निघून बाजारात येतो, एवढेच.

आणि बाजारात पात्रता सांगण्यासाठी शब्दांची वाण नाही. इंग्रजीतील ‘चार्टर्ड’, ‘रजिस्टर्ड’, ‘सर्टिफाइड’, ‘क्वालिफाइड’ ही चार विशेषणे सामान्य वाचकास जवळजवळ समानार्थी भासतात. मराठीत त्यांना सनदी, नोंदणीकृत, प्रमाणित आणि अर्हताप्राप्त असे प्रतिशब्द रूढ आहेत, आणि मराठी वाचकाचीही तीच गत होते. प्रत्यक्षात सनदीपणाच्या मागे राजसनद असलेली संस्था असावी लागते. नोंदणीकृत म्हटले की नोंदवही कोणाची हा प्रश्न उरतो, कारण नालबंदांची नोंदवही कायद्याने ठेवलेली आहे, तर पशूंच्या स्नायू-अस्थींवर काम करणाऱ्यांची ‘रॅम्प’ ही नोंदवही ऐच्छिक आहे. ती चांगली आहे, तिच्यात प्रवेशाच्या अटीही आहेत. परंतु जो तिच्यात नाही त्यास काम करण्यापासून ती रोखू शकत नाही. ‘सर्टिफाइड’ हा शब्द सर्वांत सैल. प्रमाणपत्र देणारी शाळाच अभ्यासक्रम ठरवते, तीच परीक्षा घेते आणि तीच शुल्क घेते. अशा प्रमाणपत्राचा खरा आशय ‘या व्यक्तीने आमचा वर्ग पुरा केला’ एवढाच असतो. वाचणारा मात्र ‘या व्यक्तीस हे काम येते’ असे वाचतो. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी ज्यांना कृतिरूप उच्चार म्हटले, त्यांत मोडणारी ही वाक्ये आहेत. योग्य अधिकाऱ्याने योग्य प्रसंगी उच्चारली तरच ती घडतात. अधिकार नसेल तर वाक्य तेच राहते, पण घडत काही नाही, आणि कागदाकडे पाहून हा फरक ओळखू येत नाही.

या सर्वांत सॅडल फिटरची स्थिती वेगळी आणि अधिक विचारात घेण्यासारखी आहे. त्याचे पदनाम कायद्याने राखलेले नाही आणि कृतीही राखलेली नाही; आणि तरीही त्याचा व्यवसाय ज्यातून निघाला तो खोगीर घडविण्याचा व्यवसाय लंडनमधील अतिप्राचीन संघटित व्यवसायांपैकी एक आहे. तेथील खोगीरकारांच्या श्रेणीस १३९५ मध्ये राजसनदेने निगम म्हणून मान्यता मिळाली. पुढे औद्योगिक काळात हा धंदा इंग्लंडच्या मध्यभागी वॉल्सॉल येथे एकवटला, इतका की तेथील फुटबॉल संघास आजही ‘सॅडलर्स’ हे टोपणनाव आहे. श्रेणीच्या व्यवस्थेत पदनाम हे उमेदवारीतून येत असे. अमुक उस्तादाच्या हाताखाली इतकी वर्षे काढली हीच पात्रता.

आपल्याकडील शब्दही याच प्रकारच्या व्यवस्थेची साक्ष देतात. फारसी ‘झीन’ म्हणजे खोगीर आणि ‘गर’ म्हणजे करणारा. त्यापासून ‘जीनगर’ हे व्यवसायाचे, आणि पुढे जातीचे, नाव झाले. खोगिरे करण्याचा धंदा मागे पडल्यावरही ते नाव राहिले. अश्वशास्त्राचा प्रवर्तक मानलेल्या शालिहोत्र ऋषीच्या नावावरून घोड्याच्या वैद्यास ‘सालोत्री’ म्हणत. ‘नालबंदी’ या शब्दास मराठेशाहीत स्वारांना द्यावयाच्या आगाऊ रकमेचा अर्थ आला. घोड्याचे अंग घासून रगडण्यास ‘खरारा’ हा शब्द आहे, आणि ते मोतद्दाराचे नित्याचे काम असे. त्यासाठी कोणी प्रमाणपत्र मागितले नसते. पागेतील प्रत्येक जण प्रत्येकाचा हात ओळखून होता. अनोळखी गावाहून मोटारीने येऊन तासाभरात निघून जाणाऱ्या जाणकाराची वेळ आली, तेव्हा कागदाची गरज उत्पन्न झाली.

इंग्लंडमध्ये ही गरज ओळखणारी संस्था म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेली ‘सोसायटी ऑफ मास्टर सॅडलर्स’. खोगीर घडविणे आणि खोगीर बसविणे ही दोन कौशल्ये आहेत, आणि पहिले आले म्हणजे दुसरे आले असे नव्हे, हे मान्य करून या संस्थेने बसविण्याची स्वतंत्र अर्हता निर्माण केली. प्रारंभी परिचयात्मक अभ्यासक्रम, त्यानंतर अर्हताप्राप्त फिटरच्या देखरेखीखाली काही वर्षांचा अनुभव आणि शेवटी घोड्यांवरील प्रत्यक्ष परीक्षा असा तिचा साधारण क्रम आहे. या दोन कौशल्यांतील एक फरक महत्त्वाचा आहे. खोगीर घडविणाऱ्याची पात्रता वस्तूत दिसते. टाका सरळ आहे की नाही हे कोणीही पाहू शकतो. बसविणाऱ्याची पात्रता अशी दिसत नाही. त्याने केलेल्या कामाचा परिणाम चामड्यावर नव्हे, तर सहा महिन्यांनी घोड्याच्या स्नायूंवर दिसतो, आणि तेव्हाही तो त्याच्या कामाचाच परिणाम आहे हे सिद्ध करणे कठीण असते.

हे काम नेमके काय असते ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. खोगिराच्या पोटात लाकडाचा किंवा कृत्रिम पदार्थाचा एक ताठ सांगाडा असतो, इंग्रजीत त्यास ‘ट्री’ म्हणतात. त्याखाली दोन लांबट गाद्या असतात, त्यांत लोकर, फोम किंवा हवा भरलेली असते. आणि दोन गाद्यांमध्ये कण्यासाठी एक मोकळी नाळ ठेवलेली असते. भार गाद्यांनी कण्याच्या दोन्ही अंगांच्या लांब स्नायूंवर पसरावा, कण्याच्या मणक्यांवर मुळीच पडू नये, हे पहिले तत्त्व. घोड्याच्या छातीच्या भागात अठरा मणके असतात आणि प्रत्येकास बरगड्यांची जोडी लागलेली असते. शेवटच्या बरगडीच्या मागे कमरेचा भाग सुरू होतो व त्यास खालून आधार नसतो. म्हणून खोगिराचा भार त्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. पुढच्या बाजूस अडचण निराळी आहे. घोड्यास गळपट्टीचे हाड नसते. त्याचे पुढचे पाय धडास केवळ स्नायूंनी टांगलेले असतात, आणि पाऊल पुढे पडताना खांद्याच्या फऱ्याचे वरचे टोक मागे सरकते. खोगीर फार पुढे बसविले तर हे टोक प्रत्येक पावलास सांगाड्यावर आदळते. सबब फिटरने उभ्या घोड्यावर खोगीर पाहून भागत नाही. तंग आवळून, स्वार बसवून, चालीत, दुडकीत आणि दौडीत पाहावे लागते. दाबाचे मापन करणाऱ्या विद्युत्-चटया आता उपलब्ध आहेत, पण तिच्यावरील आकडा हा त्या क्षणाचा आकडा असतो. त्याचा अर्थ लावणे पुन्हा माणसाकडेच येते.

इंग्रजी ‘फिट’ आणि मराठी ‘बसविणे’ या दोन्ही शब्दांनी येथे थोडी दिशाभूल होते. एकदा बसविले की बसले, असा त्यांचा ध्वनी आहे. घोड्याची पाठ मात्र ऋतूप्रमाणे, खुराकाप्रमाणे, मेहनतीप्रमाणे आणि वयाप्रमाणे बदलत राहते. वसंतातील गवतावर ती रुंदावते, विश्रांतीत स्नायू उतरतात. त्यामुळे गाद्यांतील लोकर काढणे, पिंजणे, भरणे हे काम वर्षातून एकदोनदा करावे लागते. मराठीत ‘खोगीरभरती’ हा शब्द निरुपयोगी भरण्याच्या अर्थाने रूढ झाला आहे; खोगिरात काय भरले आहे याचे कोणास महत्त्व वाटत नसे, म्हणून हा अर्थ आला असावा. जाणकार फिटरला विचारल्यास तो म्हणेल की सर्वांत अवघड विद्या त्या भरतीतच आहे. एके ठिकाणी मूठभर लोकर जास्त झाली तर तेथे गाठ बनते, आणि गाठीखालील केसांची मुळे दुखावून पुढे तेथे पांढरे केस उगवतात. काळ्या-तांबड्या घोड्याच्या खांद्यामागे दिसणारे असे पांढरे ठिपके म्हणजे पूर्वीच्या एखाद्या चुकीच्या खोगिराने मागे ठेवलेली नोंद होय. याच जागी स्नायू झिजून खळगे पडतात. अननुभवी विक्रेता त्या खळग्यांत जाड गादी घालून खोगीर समपातळीत आणतो. खळगा झाकला जातो आणि दाब वाढतो.

व्यवसायाच्या अर्थकारणाचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. बरेच फिटर खोगिरे विकतातही. जुन्या खोगिरात थोडी लोकर भरून भागेल की नवे घ्यावे लागेल, हे सांगणाऱ्यास नव्या खोगिराच्या विक्रीत लाभ असतो. केवळ तपासणीचे शुल्क घेणारे स्वतंत्र फिटर हा यावरचा उपाय म्हणून पुढे आला. पण विक्रेत्याचा सल्ला कलुषित आणि स्वतंत्राचा शुद्ध, इतके सरळ हे नाही; ज्याच्याजवळ निरनिराळ्या सांगाड्यांची दहा-वीस खोगिरे आहेत तो प्रत्यक्ष घालून पाहू शकतो, आणि ज्याच्याजवळ नाहीत त्यास अंदाजावर भागवावे लागते.

सॅडल फिटरच्या पात्रतेची खरी कसोटी मात्र याहून निराळ्या जागी लागते, आणि तिचा पुरावा लीने ग्रेव्ह व स्यू डायसन यांच्या २०१३ मधील संशोधनाने पुढे आणला. खोगीर सारखे एका बाजूस घसरते ही फिटरकडे येणारी अत्यंत सामान्य तक्रार आहे. कारण म्हणून गादीतील असमान भरती, वाकडा सांगाडा, स्वाराचे वाकडे बसणे किंवा घोड्याची असमान पाठ यांकडे बोट दाखविले जाई. ग्रेव्ह व डायसन यांना आढळले की अशा घसरण्यामागे पुष्कळदा मागील पायाचा लंगडेपणा असतो, आणि तोही इतका सूक्ष्म की मालकास तो दिसलेला नसतो. दुखऱ्या पायात बधिरतेचे औषध टोचून लंगडणे तात्पुरते थांबविले की बहुसंख्य घोड्यांवरील तेच खोगीर, कसलाही फेरफार न करता, सरळ बसले. याचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. ज्या फिटरला हे ठाऊक नाही तो एका बाजूच्या गादीत लोकर भरत राहील, खोगीर सरळ दिसू लागेल, मालक समाधानाने पैसे देईल, आणि दुखऱ्या पायाने घोडा आणखी कित्येक महिने धावत राहील. येथे अकुशल हातापेक्षा कुशल हात अधिक घातक ठरतो, कारण कौशल्याने लक्षणच पुसले जाते. हीच गोष्ट मर्दनाची. आकसलेला स्नायू मोकळा करणारा हात, तो स्नायू कशाचे रक्षण करण्यासाठी आकसला आहे हे न पाहता, एक इशारा बंद करीत असतो.

घोड्याच्या इशाऱ्यांची भाषा वाचण्याचा पद्धतशीर प्रयत्नही याच वर्तुळातून झाला. डायसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये स्वाराखालील घोड्याच्या चोवीस वर्तनांची एक यादी प्रसिद्ध केली : कान मागे पाडणे, शेपूट फटकारणे, तोंड उघडणे, मान तिरपी धरणे, डोळे ताणून पाहणे अशी. यांपैकी आठ किंवा अधिक दिसली तर स्नायू-अस्थींच्या दुखण्याचा संभव दाट मानावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. यांतील बहुतेक वर्तनांना तबेल्याच्या भाषेत पूर्वापार नावे होती, पण ती सर्व स्वभावाची नावे होती : हट्टी, आळशी, खोडकर, तापट. लक्षणाचे नाव बदलल्याबरोबर उपायही बदलतो. हट्टी घोड्यास चाबूक आणि दुखऱ्या घोड्यास पशुवैद्य. पण या यादीचा उपयोग करणाऱ्या फिटरला वा मर्दनकर्त्याला पुन्हा तीच मर्यादा येते. त्याने वर्तन मोजावे, नोंदवावे. ‘याचे अमुक दुखते’ असे म्हणू नये.

म्हणूनच या व्यवसायांतील उत्तम प्रशिक्षणाचा मोठा भाग, वरवर पाहता न दिसणारा, भाषेचे प्रशिक्षण आहे. शिकाऊ फिटर प्रारंभी तपासणीपत्रकावर ‘घोड्याची पाठ दुखावली आहे, खोगीर घट्ट असल्यामुळे’ असे लिहितो. यात दोन निदाने आहेत, दोन्ही त्याच्या अधिकाराबाहेरची, आणि दुसरे बहुधा चुकीचे. वाक्य लहान व ठाम असल्यामुळे मालकास ते आवडते, आणि तो खोगीर बदलून मोकळा होतो. काही वर्षांच्या अनुभवानंतर त्याच माणसाने त्याच घोड्याविषयी लिहिलेली नोंद साधारण अशी असते : ‘डाव्या बाजूस खोगिराच्या मागील टोकाखाली हात ठेवताच स्नायू आकसतो, उजव्या बाजूस आकसत नाही. दुसरे खोगीर घालूनही फरक पडला नाही. डाव्या वळणावर खोगीर उजवीकडे जाते. गादीत बदल केलेला नाही. पशुवैद्याने पाहिल्यानंतर पुन्हा बोलवावे.’